एस्प्रेसो ब्लेंडची तुलना: नेरूळमधल्या ओट्यावरची नवी नोंद

या फेरीत एस्प्रेसोसाठीचे, म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेल्या घट्ट कॉफीसाठीचे, तीन ब्लेंड (वेगवेगळ्या बियांची मिश्रणं) शेजारी शेजारी ठेवले. पिशव्यांवरची नावं मुद्दाम देत नाही. मुंबईत सबको आणि केसी रोस्टर्स, नागपुरात कॉरिडॉर सेव्हन हे कॉफी भाजणारे, म्हणजे चांगली भाजणी आता आपल्या हाताशी आहे आणि यांच्याकडून काय घ्यायचं ते जो तो आपल्या जिभेने ठरवेल. शिवाय पिशवीवरचं नाव तेच राहतं, आतल्या बिया मात्र हंगामाप्रमाणे बदलतात. म्हणून मी नावाआधी पिशवीची मागची बाजू वाचतो: अरेबिका किती, रोबस्टा किती (कॉफीच्या या दोन मुख्य जाती), प्रोसेस, म्हणजे फळातून बी काढून वाळवायची पद्धत, कोणती, भाजल्याची तारीख काय. ज्या पिशवीवर नुसतं ‘चॉकलेटी, बदामी’ असं लिहिलेलं असतं आणि यातलं काहीच नसतं, ती मी घेत नाही.

तर ‘अ’ गडद भाजलेलं, ८० टक्के अरेबिका आणि २० टक्के रोबस्टा. ‘ब’ मध्यम भाजणीचं, संपूर्ण अरेबिका. त्यात वॉश्ड (गर धुऊन काढून वाळवलेली) एस. ७९५, म्हणजे बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून आलेली आपली जुनी जात, आणि सोबत थोडी नॅचरल, म्हणजे अख्ख्या फळासकट वाळवलेली. ‘क’ मध्ये मॉन्सून्ड मलबार (पावसाळी दमट हवेत मुरवलेली कॉफी), वॉश्ड अरेबिका आणि थोडा वॉश्ड रोबस्टा. तिन्ही पिशव्या भाजल्यानंतर दहाएक दिवस मुरू दिल्या. ताज्या बियांतला कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडला नसेल तर शॉट, म्हणजे मशीनमधून उतरणारी कॉफी, उसळत येतो आणि मग दोष ब्लेंडचा की घाईचा, हे कळत नाही.

आधी मुद्दाम तिघांना एकच माप लावलं: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम शॉट, ९३ अंश, २८ सेकंदांच्या आसपास. दळण प्रत्येकासाठी वेगळं जुळवलं, बाकी सगळं सारखं. ‘अ’ कडू आणि कोरडं लागलं, ‘ब’ टोकदार आंबट, आणि ‘क’ सहज जिंकलं. बहुतेक तुलना इथेच थांबतात आणि माझा आक्षेप याच जागेवर आहे. एका मापाने तिघांना मोजलं की त्या मापाला कोण जवळचं एवढंच समजतं. कॉफी कोणाची चांगली, ते समजत नाही.

बी जास्त भाजली की ती ठिसूळ आणि सच्छिद्र होते, त्यामुळे तिच्यातून पाण्यात उतरायचं ते लवकर उतरतं. तिला ९३ अंशांवर ३६ ग्रॅमपर्यंत ओढलं तर शेवटचा कडवटपणाही कपात येतो. मध्यम भाजणीची बी घट्ट असते. तिच्यातला आंबटपणा आधी सुटतो. गोडी उतरायला जास्त पाणी आणि जास्त उष्णता लागते. मशीनवर पीआयडी (तापमान नेमकं राखणारा नियंत्रक) बसवलेला असल्यामुळे तापमान बदलणं सोपं होतं. ‘अ’ ९० अंशांवर, १८ ग्रॅममधून ३० ग्रॅम. ‘ब’ ९५ अंशांवर, १८ मधून ४५. ‘क’ जवळपास होतं तिथेच ठेवलं, फक्त शॉट ३४ ग्रॅमवर थांबवला.

आता नुसत्या शॉटमध्ये ‘ब’ स्पष्टपणे पुढे गेलं. आंबटपणा संत्र्याच्या सालीकडे झुकला, मागून गूळ आला आणि घोट गिळल्यावरही चव टिकून राहिली. ‘अ’ची कोरड गेली, जाड आणि कोकोच्या अंगाचा शॉट आला. पहिल्या मापावर ज्याला शेवटचा नंबर दिला असता, तेच ‘ब’ आता मला सगळ्यात आवडतं.

दुधात मात्र पारडं पुन्हा फिरलं. आपल्याकडे फुल क्रीम दूध म्हणजे ६ टक्के स्निग्धांश, गायीचं साधारण साडेतीन, टोन्ड ३ टक्के. फुल क्रीममध्ये ‘ब’ जवळजवळ बुडालंच. आईच्या हातात कोणता कप कोणत्या ब्लेंडचा हे न सांगता दिला, तर तिने एक घोट घेऊन विचारलं, “अरे, यात कॉफी घातलीयस ना?” पुढचा कप ‘अ’चा होता, तो तिने बोलत बोलत संपवला. दुधातली प्रथिनं कॉफीतल्या तुरट घटकांना धरून ठेवतात आणि स्निग्धांश जिभेवर पसरतो, त्यामुळे नाजूक चवी आधी हरवतात. रोबस्टाचा खरखरीत, दाण्यासारखा भाजका स्वाद त्यातूनही वर येतो. म्हणून दुधासाठीच्या ब्लेंडमधला २० टक्के रोबस्टा ही काटकसर नाही, तो तिथे कामासाठी असतो.

आपल्यात अजूनही ‘शंभर टक्के अरेबिका’ वाचून पिशवी उचलणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे जरा ठासून सांगतो. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचाच वाटा मोठा आहे आणि नीट धुऊन, निवडून केलेला रोबस्टा, उदाहरणार्थ कापी रोयाल या वरच्या दर्जाचा, इतका स्वच्छ लागतो की निष्काळजी अरेबिका त्यापुढे टिकत नाही. कॅफीन मात्र अरेबिकाच्या सुमारे दुप्पट, तेव्हा रात्री जेवणानंतर ‘अ’ नको. आणखी एक: रोबस्टामुळे क्रेमा, म्हणजे शॉटवरचा फेस, जाड येतो. दिसायला छान, पण क्रेमाच्या जाडीवरून गुण देऊ नका. ‘ब’चा क्रेमा सर्वांत पातळ होता.

पाण्याबद्दल. नेरूळला महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी येतं, मुळातच मऊ. घरच्या मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) शंभराच्या आत दिसतो. त्यावर पुन्हा आरओ लावला की क्षार जवळपास संपतात, आंबटपणाला आवर घालणारं काही उरत नाही आणि ‘ब’सारखं ब्लेंड उगाच बोचरं लागतं. मी या चाचणीत कार्बन फिल्टरमधून गाळलेलं नळाचंच पाणी वापरलं. ठाण्यात पाण्याचा स्रोत वेगळा, तेव्हा तिथल्या मित्रांनी माझे आकडे उचलण्याआधी आपलं पाणी मोजावं.

‘क’बद्दल थोडक्यात: आंबटपणा कमी, अंग भरपूर, दुधात आणि दुधाविना दोन्हीकडे मधलं. घरात एकच पिशवी ठेवायची असेल तर हीच घ्या. मॉन्सून्ड मलबारची मातकट, मसालेदार छटा सगळ्यांना रुचत नाही, मला रुचते.

सध्या सकाळी नुसत्या शॉटला ‘ब’, संध्याकाळी घरच्यांच्या कपांना ‘अ’, असं चाललंय. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे दळण रोज नव्याने जुळवावं लागतं, म्हणून पिशव्या फोडल्याबरोबर १८-१८ ग्रॅमच्या हवाबंद नळ्या भरून ठेवायला सुरुवात केली आहे. पुढच्या फेरीत ‘ब’मध्ये घरीच वॉश्ड रोबस्टा मिसळणार: आधी १० टक्के, मग १५, गायीच्या दुधात, ६० अंशांपर्यंत तापवून. कोणी हे आधीच करून पाहिलं असेल तर शॉटचं वजन आणि तापमान दोन्ही कळवा.