तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळच्या रात्री आम्ही कॅथेड्रलमध्ये का जातो

डिसेंबर लागला की हा प्रश्न येतोच. ‘तुम्ही ख्रिश्चन नाही, मग मध्यरात्रीच्या मिस्सेला, त्या चर्चमधल्या उपासनेला, सगळं घर घेऊन कशाला जाता? आणि बाबांना कशाला नेता? त्यांना तर ऐकूच येत नाही.’

बाबांमुळेच जातो.

पहिल्या वर्षी गेलो ते लेकीच्या हट्टापायी. तिला वाटायचं, कॅथेड्रल म्हणजे सगळ्यांत मोठं चर्च. तसं नाही. बिशपचं आसन, ग्रीक भाषेत ‘कथेद्रा’, जिथे असतं ते कॅथेड्रल, मग ते आकारानं लहान का असेना. आम्ही गेलो ते मात्र भव्य होतं. वर बघताना मान अवघडावी इतक्या उंच कमानी, दगडी खांबांची रांग, धुपाचा वास. दिवे मंद झाले आणि गायकवृंदानं कॅरल धरलं. एवढ्या मोठ्या दगडी वास्तूत सूर लगेच विरत नाही, काही सेकंद तरी रेंगाळतो. म्हणून गाणारे ओळ संपली की क्षणभर थांबतात, आधीच्या सुराला जायला वाट देतात. मी भारावून ऐकत होते, आणि शेजारी बाबा श्रवणयंत्र काढून खिशात ठेवत होते. अशा घुमणाऱ्या जागेत त्यांना यंत्रातून नुसता गलका येतो. माझ्या पोटात कालवलं. यांना उगाच आणलं, असं वाटत राहिलं.

मग ग्लोरियाची वेळ आली. नाताळच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार असतात. त्या रविवारी हे स्तुतिगीत मिस्सेत म्हणत नाहीत, त्यामुळे ते परत येतं ते या रात्री. त्याची पहिली ओळ बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली, मेंढपाळांसमोर प्रकटलेल्या देवदूतांच्या तोंडची. सगळे दिवे एकदम लागले, माणसं उभी होती, आणि मागच्या सज्जातला, नळ्यांतून हवा सोडून वाजणारा ऑर्गन पूर्ण ताकदीनिशी वाजू लागला. बाबांनी दचकून पुढच्या बाकाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. थोड्या वेळानं माझा हात ओढून शेजारी टेकवला. लाकूड थरथरत होतं. बाबांचे डोळे भरले होते.

घरी येऊन मी याबद्दल वाचून काढलं. खूप मोठ्या ऑर्गनमधली सर्वांत खालच्या सुराची नळी 32 फुटी असते. तिचा मूळ सूर सेकंदाला साधारण 16 कंपनांचा, आणि माणसाच्या कानाची खालची मर्यादा 20 च्या आसपास. म्हणजे तो सूर चांगल्या कानाच्या माणसालाही ऐकू येण्यापेक्षा जाणवतोच जास्त: छातीत, तळपायांत, बाकाच्या लाकडात. तिथे बाबा आणि आम्ही अगदी सारखे. इतक्या वर्षांत असं दुसरीकडे कुठे झालेलं मला आठवत नाही.

‘पण आपल्याला चालतं का?’ हेही विचारता. चालतं, दार सगळ्यांना उघडं असतं. कॅथलिक मिस्सेत प्रभूभोजनाची भाकर मात्र आपण घेऊ नये. त्या वेळी जागेवर बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी छातीवर हात दुमडून रांगेतून पुढे गेलं तर धर्मगुरू आशीर्वाद देतात, माझी लेक तशी जाते. श्रद्धेची कबुली म्हणताना देवानं मानवदेह धारण केल्याच्या ओळीला एरवी लोक फक्त वाकतात, नाताळला गुडघे टेकतात. बाबांचे गुडघे दुखतात, ते बसूनच मान झुकवतात.

जायचं ठरवलंत तर तासभर आधी पोचा आणि ऑर्गन कुठे आहे ते पाहून त्याच्याजवळ बसा. पुढे बसलं की वेदी आणि गव्हाणीतलं बाळ जवळून दिसतं, मोह होतो. आम्ही तरी मागेच बसतो. गेल्या वर्षी दिवे लागायच्या कितीतरी आधीपासून बाबा दोन्ही तळवे बाकावर टेकवून वाट बघत होते.