मी मुलुंड, तुम्ही कोण?

अलंकार ओळखायचा म्हणजे वाक्यात कुठला शब्द आलाय तेवढं बघायचं, ही पद्धत शाळेपासून स्पर्धा परीक्षांच्या क्लासपर्यंत इतकी पक्की बसलीय की आमच्या बिल्डिंगमधली दहावीतली पोरगी परवा मला घडाघडा म्हणून दाखवत होती, की काकू, वाक्यात सम, सारखा, परी दिसलं की उपमा, जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा आणि यातलं काहीच नसेल तर बहुतेक रूपक. ते "बहुतेक रूपक" मला फार आवडलं. यात मार्क मिळतात, वादच नाही. मग तिला विचारलं, की सकाळी उशिरा उठलीस की आई "आल्या बघा महाराणी" म्हणते तो कुठला अलंकार? तर म्हणाली, तो अलंकार नाही, तो टोमणा आहे.

म्हणजे अलंकार पुस्तकातल्या चंद्रमुखी बायकांसाठी आणि घरात आपलं साधं बोलणं, असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं. मुख आणि कमळ यांनी तर खूपच घोळ घातलाय, कारण आजकाल कमळ बघितलंय कुणी, आणि बघितलं तरी त्यावरून कुणाचा चेहरा आठवलाय का? त्यापेक्षा ठाण्यातल्या माणसाला मिसळ द्या. मामलेदारची मिसळ आगीसारखी असते, झाली उपमा. मिसळ कसली, जणू निखारेच वाढलेत, ही उत्प्रेक्षा. ही मिसळ नव्हेच, आग आहे आग, असं म्हणून मूळ वस्तूच नाकारली की अपन्हुती. आग परवडली पण ही नको, म्हणजे मिसळीने आगीलाही मागे टाकलं, तो व्यतिरेक. समोर आलंय ते तर्री आहे की लाव्हा तेच कळेना, हा ससंदेह, आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्याने खरंच आग समजून फायर ब्रिगेडला फोन लावला तर तो भ्रांतिमान. इथे नुसती शंका नाही, तो बिचारा चुकीचं खरं मानून कामालाही लागलाय, फरक तेवढाच. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे अस्सल ठाणेकर जे बोलतो ते, की मामलेदारच्या मिसळीसारखी मिसळ मामलेदारचीच. हा अनन्वय. दुसरी उपमाच सापडत नाही म्हणून तिला तिचीच उपमा द्यायची.

बघा ना, दोनच वस्तू आहेत, मिसळ आणि आग, आणि त्या एकमेकींच्या किती जवळ आणायच्या एवढाच काय तो खेळ. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे लोकांनी बारकावे काढत काढत यादी वाढवली आणि अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत ती शंभराच्या वर गेली. पाठ करायला बसलं तर वैताग येतो हे खरंय, पण माणसं बोलताना काय काय करतात ते कुणीतरी इतकं कान देऊन ऐकलं याचं मला कौतुकही वाटतं.

अतिशयोक्तीबद्दल फार बोलायला नको. पुस्तकात दमडीच्या तेलात उंट पोहून जातो आणि घोडबंदर रोडवरच्या होर्डिंगवर कासारवडवलीहून ठाणे स्टेशन दहा मिनिटांवर असतं. मला विचाराल तर उंट जास्त पटतो.

खरी मजा मात्र शब्दशक्तींमध्ये आहे, म्हणजे शब्द आपला अर्थ पोचवतो त्या तीन तऱ्हा, अभिधा, लक्षणा आणि व्यंजना, आणि नेमकं तेच प्रकरण बरेच जण घाईघाईत उरकतात. अभिधा म्हणजे सरळ अर्थ, विषय संपला. लक्षणेसाठी शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण म्हणजे "गंगेवर गवळ्यांची वस्ती". आता पाण्यावर वस्ती कशी असेल, तेव्हा सरळ अर्थ अडतो, मग जवळचा अर्थ घ्यायचा, गंगेच्या काठावर. पण मग सरळ "काठावर" का नाही म्हणायचं? कारण गंगेवर म्हटलं की तिचा थंडावा आणि पावित्र्य पण त्या वस्तीला चिकटतं, याला प्रयोजन म्हणतात. ठाण्यात कुणी "आमचा फ्लॅट तलावावरच आहे" म्हणाला तर तो मासुंद्यात होडी बांधून राहत नाही हे सगळ्यांना कळतं, आणि प्रयोजन काय ते तर ब्रोकरला नीटच कळतं, भाव तिथेच वाढतो.

कधीकधी प्रयोजन वगैरे काही नसतं, नुसती रूढी असते. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, म्हणजे इतकी वर्षं ठाणे जागचं हललेलं नाही, तरी आपण दारात उभं राहून म्हणतो "ठाणे आलं". आणि संध्याकाळच्या स्लो लोकलचा लेडीज डबा म्हणजे तर लक्षणेची शाखाच. दादरला चढलेली बाई, उतरणारीची सीट आधीच आपल्या नावावर करून ठेवायला, आत शिरता शिरता विचारते, "भांडुप कोण आहे?" आतून आवाज येतो, "मी भांडुप, पण मी दिलीय." "मग मुलुंड?" "ती खिडकीतली मुलुंड, ती बघा, हिरवी ओढणी." खिडकीतली मुलुंड कानातले हेडफोन काढून मान हलवते आणि सौदा पक्का होतो. यात कुणालाही काही विचित्र वाटत नाही. बाई म्हणजे स्टेशन असू शकत नाही, इथे सरळ अर्थ अडला, ती तिथे उतरणार हा संबंध, आणि वर्षानुवर्षं असंच बोलतात ही रूढी, लक्षणेच्या तिन्ही अटी पूर्ण. आणि कुणी नुसतंच "कुठे उतरणार?" विचारलं तर ती तुमच्या प्रवासाची चौकशी नसते हो, तुम्ही उठलात की सीट माझी, असा त्याचा अर्थ असतो. शब्दांत सीटचं नावसुद्धा नाही तरी अर्थ पोचला, ही व्यंजना. नवीन मुलगी असली तर ती भाबडेपणाने "कल्याण" सांगून मोकळी होते आणि विचारणारीचा चेहरा का पडला ते तिला कळतच नाही.

व्यंजनेसाठी अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने काव्यप्रकाशात एक छोटंसं वाक्य घेतलंय, "सूर्य मावळला". वाक्य एकच, पण ऐकणाऱ्याप्रमाणे अर्थ बदलतो, शत्रूवर हल्ला करायची वेळ झाली, प्रियकराकडे निघ, काम थांबवा, संध्येला बसा, गाई आत घ्या, विकायचा माल आवरा, किंवा अजून आला नाही गं तो. मला हे वाचताना ठाणे स्टेशनच आठवतं. "गाडी पंधरा मिनिटे उशिराने" एवढी घोषणा झाली की एक बाई फोन काढते, कुकर तू लाव. वडेवाला अजून एक घाणा सोडतो. जिन्याखाली उभ्या असलेल्या कॉलेजच्या जोडीला मात्र रेल्वेने पहिल्यांदाच काहीतरी चांगलं केलंय. आणि पावसाळ्यात तर असंगती अलंकार पण फुकट मिळतो, म्हणजे कारण एका जागी आणि परिणाम दुसऱ्याच जागी, पाणी तुंबतं कुर्ला-सायनला आणि उभे राहतो आपण ठाण्याला.

व्याजस्तुती राहिली. वरून स्तुती, आत निंदा (उलटंही चालतं, पण उलटं करणारे कमीच भेटतात). तिचं माहेर सध्या सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. आमच्याकडे लिफ्ट बंद पडली आणि बंदच राहिली, तेव्हा सातव्या मजल्यावरच्या आजोबांनी ग्रुपवर टाकलं, "सर्व सभासदांच्या हृदयाची काळजी घेणाऱ्या आपल्या कमिटीचे मनःपूर्वक आभार, या वयात इतका व्यायाम मला कोणत्याही डॉक्टरने करायला लावला नव्हता." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली, आणि रात्री सेक्रेटरींचं उत्तर आलं, "धन्यवाद काका, आपला आशीर्वाद असाच राहू द्या, आपल्यासारख्या ज्येष्ठांसाठी आणखी बरंच काही करायचा विचार आहे."

आता यांना आजोबांची नुसती अभिधाच कळली, की त्यांनी व्यंजनेला व्यंजनेनेच उत्तर दिलं, यावर बी विंगमध्ये अजून दोन तट आहेत.