बोलेरोत रेडिओ बसवला, त्याची गोष्ट

आमची संत्र्याची बाग अचलपूर तालुक्यात आणि कामं धारणीकडची, त्यामुळे मेळघाटाचा रस्ता सुटत नाही. घाट लागला की मोबाइल कधी लागतो, कधी नाही. म्हणून गाडीत हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा दोन्ही बाजूंनी बोलता येणारा बिनतारी सेट, बसवायचं ठरवलं.

परवान्याचं आधी सांगतो. सेट विकत मिळतो म्हणून कोणालाही वापरता येत नाही. दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते, मग कॉलसाइन, म्हणजे हवेत ओळख सांगायचं अक्षर-आकड्यांचं नाव, मिळते. माझी व्हीयू३ने सुरू होते, म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेड, मर्यादित परवाना. खरी डोकेफोड झाली ती वायरीत.

सेट जुना, ५० वॅटचा, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. आधीच्या मालकाने पॉवर केबल वीतभरच ठेवलेली. परतवाड्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पाहिल्या पाहिल्या लायटरच्या सॉकेटकडे हात नेला. "भाऊ, इथूनच देऊन टाकतो. दोन मिन्टाचं काम हाय." मी बॅटरीपासून सहा एमएमची (म्हणजे आतल्या तांब्याचा छेद सहा चौरस मिलिमीटर) वायर मागितली. "काऊन बाप्पा? ट्रॅक्टर वढाचा हाय का?"

नुसतं ऐकताना सेट अर्धा अँपियरही खात नाही, पण बोलायला बटण दाबलं की अकराच्या आसपास ओढतो. मला सेट मागच्या सीटखाली हवा होता. बॅटरीपासून चार मीटर, जाऊन-येऊन आठ. माझ्या तोंडी हिशोबावर त्याचा विश्वास बसेना. त्याने दीड एमएमची तेवढीच वायर घेतली, टोकाला हेडलाइटचे दोन जुने बल्ब लावले (भार साधारण तेवढाच होतो) आणि मल्टिमीटर धरला. जवळपास एक व्होल्ट वाटेतच गायब. बंद गाडीची बॅटरी १२.६ला असते, त्यातून एक गेला तर सेटला उरतं काय? सहा एमएममध्ये पाव व्होल्टच जातो. मग बंडल त्यानेच काढलं.

फ्यूज दोन्ही वायरींना, बॅटरीपासून हातभराच्या आत. निगेटिव्हला कशाला, हे त्याने विचारलं आणि प्रश्न रास्त होता. इंजिनची अर्थिंग पट्टी तुटली तर स्टार्टरचा सगळा करंट रेडिओच्या निगेटिव्हमधून परतायला बघतो. वायर केबिनमध्ये येते त्या पत्र्याच्या भोकाला मात्र त्याने न सांगता रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कापू नये म्हणून कडेला बसणारी रिंग, बसवलं. कारागीर चांगला आहे.

अँटेना चुंबकाची, अर्ध्या मीटरची, छताच्या मधोमध. पत्रा हाच तिचा निम्मा भाग, म्हणून बंपरवर नको. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत फिरते त्याचं माप, १.३ आला; एकच्या जितका जवळ तितका चांगला.

तरी शिट्टी राहिलीच. ऍक्सिलरेटर दाबला की समोरच्याला माझ्या आवाजामागे चढती शिट्टी ऐकू जायची. हा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनित्र. फिल्टर विकत घ्यायच्या आधी बॅटरीची बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर खोलली. तिच्या टोकाच्या थिंबलखाली (बोल्टात बसणाऱ्या कडीखाली) गंज होता. पॉलिश पेपरने घासून आवळल्यावर शिट्टी जवळजवळ गेली.

चिखलदऱ्याच्या कड्यावरून अमरावतीचा मित्र स्वच्छ ऐकू आला. सेमाडोहच्या बाजूला खाली उतरलं की काहीच नाही. डोंगर आड आला की ५० वॅट असोत की ५००, या लहरी पलीकडे जात नाहीत. तिथे उंचावर रिपीटरच हवा, म्हणजे आलेला आवाज पकडून पुढे पाठवणारा सेट.

सेट थेट बॅटरीवर असल्याने चालू राहिला तर रात्रभर बॅटरी खातो. म्हणून नंतर किल्लीवर चालणारा रिले (विजेवर आपोआप चालू-बंद होणारा स्विच) टाकून घेतला. त्याचे पैसे पठ्ठ्याने वेगळे घेतले.