साडेदहाला पडदा पडतो, मग घरी कसं जायचं?

इंदुरात संध्याकाळी बाहेर पडायला काही अडचण नसते. सहा वाजता सिटी बस मिळते, मॅजिक (सवाऱ्या वाहणारी छोटी व्हॅन) मिळते, चौराह्यावर ई-रिक्षावाले सवारीसाठी हाका मारत असतात. अडतं ते परतताना. म्हणून ज्यांच्याकडे स्वतःचं वाहन नाही किंवा ज्यांना रात्री दुचाकी चालवणं आता झेपत नाही, त्यांनी बेत शेवटाकडून आखावा. परत कसं यायचं ते आधी ठरवावं, तिकीट नंतर काढावं.

खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारातल्या यूसीसी सभागृहात साडेसातचं दोन अंकी नाटक आहे असं धरा. प्रयोग पाच-दहा मिनिटं उशिरा सुरू होतो, मध्यंतर पंधरा मिनिटांचं म्हणत वीसवर जातं, म्हणजे पडदा पडेपर्यंत सव्वादहा ते साडेदहा. गर्दीतून दारापर्यंत यायला दहा मिनिटं. तिथून भंवरकुवा चौराहा गाठायचा. सोबत सत्तरीतली आई किंवा काकू असतील तर पावणेअकराच्या आत तुम्ही बसच्या जागी पोहोचत नाही. नाटक किती वाजता ‘संपतं’ ते सोडा, हा पावणेअकराचा आकडा हिशेबात धरा.

आता शेवटची बस. ‘शेवटची गाडी साडेदहाची’ असं कुणी सांगितलं, तर पहिला प्रश्न, कुठून साडेदहाची? सांगितलेली वेळ बहुधा सुरुवातीच्या स्टॉपवरून सुटण्याची असते. तुमचा स्टॉप मार्गाच्या मध्यावर असेल तर तीच गाडी वीस-पंचवीस मिनिटांनी तुमच्यापाशी येईल. उलट दिशेच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र वेगळी, ती कदाचित आधीच निघून गेलेली असते. दुसरं, शेवटची फेरीच सगळ्यात आधी कापली जाते. संध्याकाळच्या गर्दीत प्रत्येक फेरी पाच-सात मिनिटं मागे पडत जाते. रात्रीपर्यंत हा उशीर अर्ध्या तासावर गेला, ड्रायव्हर-कंडक्टरची ड्यूटी संपत आली आणि गाडीत चारच सवाऱ्या असल्या, तर गाडी सरळ डेपोला वळवतात. म्हणून शेवटची बस नाहीच असं समजावं आणि तिच्या आधीच्या बसवर बेत बांधावा. जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा, “भैया, लास्ट गाडी पूरी जाएगी या डिपो तक?” या एका प्रश्नाचं उत्तर कुठल्याही अ‍ॅपपेक्षा खरं निघतं. अ‍ॅपमध्ये पुष्कळदा छापील वेळ दिसते, गाडी कुठे आहे ते दिसत नाही. नकाशावरची बस हलत नसेल तर ती डेपोत उभी आहे असंच समजा.

एबी (आग्रा-मुंबई) रोडवर काही वर्षं हा हिशेब सोपा झाला होता. २०१३ मध्ये आयबस सुरू झाली तेव्हा निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा या साधारण साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात तिला वेगळी मार्गिका होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती मार्गिका काढून टाकायला वाट मोकळी करून दिली. मार्गिकेमुळे मोटारींची कोंडी होते असं म्हणणाऱ्यांचा त्रास खरा होता, पण बसने येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यात वेळेची खात्री गमावली, आणि रात्री तर खात्रीच महत्त्वाची असते. मेट्रोचा ३१ मे २०२५ ला सुरू झालेला पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरवरचा, जवळपास सहा किलोमीटरचा, पाच स्थानकांचा. त्यात ना राजवाडा येतो, ना रवींद्र नाट्यगृह, ना खंडवा रोड.

सभागृहांमध्ये परतीसाठी सगळ्यात सोयीचं रवींद्र नाट्यगृह. रेल्वे स्टेशन आणि सरवटे बस स्टँड जवळ असल्यामुळे तिथे उशिरापर्यंत ऑटो असतात. (संविधान सभेचे सदस्य असलेल्या विनायक सीताराम सरवटे यांचं नाव या स्टँडला आहे, हे नव्या पिढीला सांगायला हवं.)

अ‍ॅपची गाडी पडदा पडल्यावर मागवू नये. त्या दहा मिनिटांत शेकडो माणसं एकाच जागेवरून मागणी करतात आणि भाडं वर जातं. ड्रायव्हर फोन करून कुठे जायचं ते विचारतात आणि दूरची कॉलनी ऐकली की रद्द करतात, कारण तिथून परतीची सवारी मिळत नाही. वीसेक मिनिटं थांबलात तर भाडं बहुतेक उतरतं. घाई असेल तर गर्दीपासून तीन-चारशे मीटर पुढे, उजेडाच्या मुख्य रस्त्यावर चालत जा आणि तिथून मागवा. विद्यापीठाच्या आवारात नकाशावरची खूण भलत्याच फाटकावर पडते, म्हणून फाटकाचं नाव मेसेजमध्ये लिहा. ‘उद्या रात्री साडेदहाला’ म्हणून आधी नोंदवलेली गाडीही पक्की नसते, अ‍ॅप ड्रायव्हर शोधायला लागतं ते वेळ जवळ आल्यावरच. त्यापेक्षा ओळखीच्या ऑटोवाल्याशी जाण्या-येण्याचं एकत्र ठरवणं बरं. किती वाजता, कुठल्या फाटकावर, थांबण्याचे पैसे किती, हे तिन्ही निघण्यापूर्वीच बोलून घ्यावं आणि जातानाचे पैसे जातानाच द्यावेत. सुदामानगर किंवा राजेंद्रनगरातून तिघं-चौघं एकत्र निघाले तर माणशी खर्च फार येत नाही.

सराफ्याचं, म्हणजे सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचं, गणित वेगळं आहे. सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याची दुकानं लागतात, म्हणजे मजा सुरू होते तेव्हा बस संपत आलेल्या असतात. गल्ल्या अरुंद, चारचाकी आत येत नाही. गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाऊन कृष्णपुरा छत्रीच्या बाजूला किंवा जवाहर मार्गावर चालत यावं आणि वाहन तिथे धरावं. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री मात्र मध्य शहरातले रस्तेच वाहनांना बंद असतात. त्या रात्री ऑटो दूर ठेवून दोन्ही वेळा पायी चालायची तयारी हवी.

आणखी एक सोपी वाट आहे, तिच्याकडे उगाच दुर्लक्ष होतं. सानंद न्यास या इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेचं एकच नाटक शनिवार-रविवारी पाच दर्शक समूहांसाठी होतं. सदस्यत्व घेताना निवडायची मुभा असेल तर बसवर अवलंबून असणाऱ्यांनी दुपारचा किंवा रविवार सकाळचा समूह घ्यावा. नाटक तेच, कलाकार तेच, आणि परतताना रस्त्यावर बस असते.

ज्यांना रात्रीचाच प्रयोग पाहायचा आहे त्यांच्यासाठी आयोजकांनी एक करावं: नोंदणीच्या वेळीच ‘परतीला वाहन हवं का, कुठल्या भागात’ असं विचारावं. एका भागातून तीस नावं आली की मिनी बस भाड्याने घेता येते. ती पडदा पडल्यावर पंधरा मिनिटांनी सुटेल, फाटकाजवळच उभी असेल, आणि शेवटचा माणूस चढेपर्यंत दिवा लावून थांबेल, एवढं ठरलेलं असावं.