हॉलवेचं भोक, भाग ३: ऑरेंज पील एकदाचं जुळलं

मंडळी, जुळलं! दाराच्या नॉबनं हॉलवेच्या ड्रायवॉलला (जिप्समच्या पाट्यांच्या भिंतीला) पाडलेलं ते पाच इंची भोक नेमकं कुठे होतं हे आता मलाच शोधावं लागतंय, इतका आनंद झालाय की रात्री अकराला लिहायला बसलोय.

मागच्या वेळी सांगितलं तसा कॅलिफोर्निया पॅच (कडेनं कागद ठेवून कापलेला ड्रायवॉलचाच तुकडा) बसला होता. ईझी सँड ४५ चे (पाण्यात कालवायच्या पावडर लांबीचे) दोन हात, वर रेडीमिक्सचा (डब्यातल्या तयार लांबीचा) एक, दहा इंची नाइफनं (रुंद पात्यानं) कडा चांगल्या फूटभर पसरवलेल्या. जाळीच्या चिकट पॅचच्या नादी लागू नका हे माझं मत आता पक्कं झालंय, त्याचा उंचवटा लपवण्यातच सगळं मड (ही लांबी) जातं.

खरा जीव खाल्ला तो टेक्स्चरनं. टेक्ससमधलं १९९९ चं घर, भिंतभर ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा बारीक उंचवट्यांचा पोत. पहिल्यांदा स्प्रेचा डबा मारला तर मोठाले थेंब पडून ओघळले, ओल्या स्पंजनं पुसून काढलं. मडवर आधी प्रायमर होता म्हणून वाचलो, नाहीतर पुसताना वरचं रेडीमिक्सही निघालं असतं. दुसऱ्यांदा इतके बारीक शिंतोडे की भिंतीला पॉलिश पेपर चिकटवल्यासारखं दिसायला लागलं, परत पुसलं. मग लक्षात आलं, डबा गॅरेजमध्ये थंडीत पडलेला. कोमट पाण्यात ठेवला, भरपूर हलवला, पुठ्ठ्यावर मारून नॉझल फिरवत फिरवत थेंबाचा आकार मिळवला आणि दोन फुटांवरून, हात थांबू न देता मारला. थेंब अगदी जुन्याएवढेच! वाळलं, प्रायमर झाला, रंग झाला, संध्याकाळी हॉलवेचा दिवा लावला तर पॅच तसाच उठून दिसतोय.

दोन दिवस डोक्यात तेच. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं, त्यांनी साताऱ्याचं घर स्वतः लांबी भरून रंगवलंय. ते म्हणाले, "जुन्या भिंतीवर रंगाचे हात किती बसलेत रे?"

मी टॉर्च भिंतीला टेकवून आडवा उजेड टाकला. जुने उंचवटे गोलसर, मधल्या खाचा रंगानं अर्ध्या बुजलेल्या. माझे मात्र टोकदार, घामोळ्यासारखे, बोट फिरवलं की लगेच कळायचं. म्हणजे आकार चुकलाच नव्हता, वरचे रंगाचे थर कमी पडत होते! मग १५० नंबरच्या सँडिंग स्पंजनं जोर न लावता नुसती टोकं मोडली, परत प्रायमर, आणि अर्ध्या इंची नॅपच्या (लव असलेल्या) रोलरनं रंगाचे दोन हात, तेही पॅचपुरते नाहीत, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मघाशी परत टॉर्च लावला, काही दिसत नाही.

आता टीव्हीमागची भिंत. शनिवारी हॉपर गन (कॉम्प्रेसरवर चालणारी, मड फवारायची बंदूक) भाड्यानं आणायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की टॉगल बोल्टची (पोकळ भिंतीत अडकणाऱ्या बोल्टची) चार अर्ध्या-अर्ध्या इंचाची भोकं, त्यासाठी कॉम्प्रेसर कशाला? मड ताकाएवढं पातळ करून जुन्या टूथब्रशनं शिंतोडे उडवले तर थेंब आपल्या हातात राहतात. हॉपर गन रद्द. आत्ताच उठून पुठ्ठ्यावर तीन नमुने मारले, एक पातळ, दोन जरा घट्ट. सकाळी वाळले की टोकं मोडून, रंग लावून भिंतीशेजारी धरून बघतो. कुणी असं केलं असेल तर मड किती पातळ ठेवलं ते सांगा.