सुपरमॅनने किती मार खावा?

रविवार, १३ जुलै २०२५, सोलापूर

शुक्रवारी प्रदर्शित झालेल्या नव्या 'सुपरमॅन'विषयी आज चित्रपटगृहात आणि बाहेर पडल्यावर सर्वांत अधिक ऐकू आलेली तक्रार एकच होती, ती म्हणजे नायक फार मार खातो. मध्यंतराचे दिवे लागताच भाच्याने पॉपकॉर्नचा पुडा माझ्या हातात दिला आणि विचारले, "मामा, लय मार खातो ओ हा. ह्याला सुपरमॅन कशाला म्हणायचं?" मागच्या रांगेतील महाविद्यालयीन मुलांचेही तेच चालले होते, फक्त त्यांची भाषा येथे लिहिण्याजोगी नाही.

तक्रार खोटी नाही. दिग्दर्शक जेम्स गन यांनी चित्रपटाची सुरुवातच पराभवाने केली आहे. पडद्यावर मोजक्या ओळींत मागील घटनाक्रम येतो, तीन मिनिटांपूर्वी हा आयुष्यात पहिल्यांदाच लढाई हरला असे शेवटी सांगितले जाते, आणि त्याच क्षणी तो बर्फात येऊन आदळतो. तोंडातून रक्त येत असताना तो कशीबशी शीळ घालतो. धावत आलेला त्याचा पांढरा कुत्रा क्रिप्टो मदत करण्याऐवजी आधी त्याच्याच अंगावर उड्या मारतो आणि मग मोठ्या मिनतवारीने त्याला लाल झग्याला धरून फरफटत घरी नेतो. या प्रसंगाला लहान मुले खळखळून हसली. शेजारचे अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांच्या घरात तेलुगू बोलली जाते, त्यांचे तारुण्य तेलुगू चित्रपट पाहण्यात गेले आहे, आणि नायक पडद्यावर आला की शिट्ट्या वाजल्याच पाहिजेत, या मताचे ते आहेत. "पहिल्याच सीनला हिरो पडतो, मग पैसे कशाचे द्यायचे?" असे ते शांतपणे म्हणाले, आणि पुढे दोन तास त्यांनी आपले मत बदलले नाही.

मला मात्र ही सुरुवात फार आवडली. सुपरमॅन जन्मला त्या क्रिप्टॉन ग्रहाचा नाश, बाळाला घेऊन निघालेले यान, त्याला वाढवणारे अमेरिकेतील कॅन्ससचे शेतकरी दांपत्य, ही कथा १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी ही व्यक्तिरेखा छापील पानावर आणल्यापासून इतक्यांदा सांगून झाली आहे, की सोलापुरातील शाळकरी पोरदेखील ती पाठ म्हणून दाखवील. कीर्तनाला बसलेल्या मंडळींना आख्यान आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे बुवांची परीक्षा कथेत होत नाही, निरूपणात होते. रूपांतरित चित्रपटाचेही तसेच असते. १९७८ च्या चित्रपटाने आणि २०१३ च्या चित्रपटाने मूळकथा सविस्तर सांगितली होती. गन यांनी ती गाळली आणि तो वेळ निरूपणाला दिला, हे त्यांचे मोठे शहाणपण आहे.

हे निरूपण सर्वांत स्पष्ट कोठे दिसते, तर एका खारीच्या प्रसंगात. शहरात एक अजस्र प्राणी धुमाकूळ घालत असताना, इमारती कोसळत असताना, सुपरमॅन एका खारीला झडप घालून वाचवतो आणि झाडापाशी नेऊन सोडतो. चित्रपटगृहात निम्मे लोक हसले आणि निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या. भाच्याच्या मते हा शुद्ध पोरकटपणा आहे. तो २०१३ च्या चित्रपटावर वाढला, त्यात हेन्री कॅव्हिल गंभीर चेहऱ्याने, निळसर अंधारात, लाल चड्डीशिवाय वावरत होता. त्या तुलनेत डेव्हिड कोरेन्स्वेटचा हा भाबडा, चटकन दुखावणारा, चड्डी पुन्हा बाहेरून घातलेला सुपरमॅन त्याला कार्टूनसारखा वाटणे स्वाभाविक आहे. पण कॉमिक्समधील सुपरमॅन असाच तर होता! माझ्यासारख्या, १९७८ च्या चित्रपटातील क्रिस्टोफर रीव्हला पाहिलेल्या माणसाला त्याच चित्रपटाची जॉन विल्यम्स यांची जुनी धून गिटारवर ऐकू आली तेव्हा खुर्चीत सावरून बसावेसे वाटले, हे मान्य करून मी पक्षपाती आहे हेही मान्य करतो.

खरा वाद पेटला तो आईवडिलांच्या संदेशावरून. क्रिप्टॉनवरील मातापित्यांनी बाळाबरोबर पाठवलेल्या संदेशाचा अर्धाच भाग सुपरमॅनजवळ शाबूत असतो, आणि लोकांची सेवा कर, असा अर्थ लावून तो आयुष्य उभे करतो. खलनायक लेक्स लूथर उरलेला भाग मिळवून जगासमोर आणतो, तेव्हा कळते की त्यांनी मुलाला माणसांवर राज्य करायला पाठवले होते. कॉमिक्स वाचणाऱ्यांना हे मुळीच रुचलेले नाही, कारण बहुतेक मूळ कथांत ते दोघे सज्जन आहेत. भाचा चहाच्या गाड्यावर हातवारे करीत सांगत होता, की एवढा बदल करायचा तर नवीन व्यक्तिरेखा निर्माण करावी, जुन्या माणसांची बदनामी कशाला? त्यावर इतका वेळ गप्प असलेल्या अण्णांच्या वहिनींनी कपबशी खाली ठेवली आणि त्या म्हणाल्या, "ज्यांनी वाढवलं, त्यांचं पोर. जन्म दिलेल्यांनी काय का लिहून ठेवंना." वास्तविक चित्रपटाचे म्हणणे नेमके हेच आहे, आणि ते दत्तक वडिलांच्या तोंडी, घराबाहेर बसून, अगदी साध्या बोलण्यात येते. तो प्रसंग मला संपूर्ण चित्रपटात सरस वाटला. सुपरमॅनचा चांगुलपणा जर ग्रहावरून आलेल्या आज्ञेतून निघत असेल तर त्यात त्याचे कर्तृत्व काय? ती आज्ञाच दिग्दर्शकाने काढून घेतली, त्यामुळे चांगुलपणा त्याचा स्वतःचा ठरला. भाच्याला हे पटले नाही.

बोराविया आणि जरहानपूर या काल्पनिक देशांमधील युद्धावर फारसे कोणी बोलले नाही, जरहानपूरचे नाव ऐकून पुढच्या रांगेतून "हे बार्शीच्या पुढं आलं का?" असा प्रश्न तेवढा आला. तरीही त्या युद्धावरून सुपरमॅनची पत्रकार प्रेयसी लोइस हिने घेतलेली त्याची मुलाखत, कोणाच्या परवानगीने गेलास, परिणामांचा विचार केलास का, हे प्रश्न आणि त्याची होत गेलेली चिडचिड, हा भाग लिखाणाच्या दृष्टीने फार चांगला आहे. सेन्सॉरने ३३ सेकंदांचे चुंबन कापले आहे. तेरा वर्षांवरील प्रेक्षकांना शहरे उद्ध्वस्त होताना दाखवणे चालते, चुंबन चालत नाही, हा हिशेब मला समजत नाही.

माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे, आणि ती आज कोणीही केली नाही. संदेश बाहेर येताच चित्रपटातील जनता एका रात्रीत सुपरमॅनवर उलटते. पुढे लूथरची कारस्थाने वृत्तपत्रात छापून येतात आणि तीच जनता पुन्हा त्याच्या बाजूची होते. परंतु संदेश खोटा होता असे कोठेही सिद्ध होत नाही. उलट तो खराच असल्याचे सुपरमॅनच्या बाजूचा दुसरा नायक मिस्टर टेरिफिक सांगतो. मग लोकांनी त्याला कोणत्या आधारावर क्षमा केली? लूथर वाईट ठरला म्हणून सुपरमॅनविषयीची शंका आपोआप कशी फिटते? निकोलस हॉल्टने लूथरचा मत्सर इतका ठसठशीत उभा केला आहे, की हा प्रश्न पाहताना सुचत नाही, घरी आल्यावर सुचतो. येथे चौघांचे मत एका संध्याकाळीत जमले नाही, आणि तिकडे अख्ख्या महानगराचे मत दोन वेळा फिरते, तेही एकमुखाने, हे लेखकाने आपल्या सोयीसाठी केले आहे असे मी भाच्याला उद्या सांगणार आहे. तो म्हणेल, मामा, हल्ली तसेच होते. त्यावर काय उत्तर द्यावे याचा विचार अजून चालू आहे.