न्यू जर्सीची बॅग, कोथरूडची वायरिंग

कोथरूडमधली ऐंशीच्या दशकातली सोसायटी, दुसरा मजला. काका-काकू दोघंच राहतात, मुलगा न्यू जर्सीला. डिसेंबरमध्ये तो येऊन गेला तेव्हा तिकडून बॅग भरून स्मार्ट उपकरणं घेऊन आला होता. बसवायला वेळ मिळाला नाही, म्हणून मला फोन. मी मूळचा वायरमन, पण हल्ली बरीचशी कामं याच प्रकारची असतात.

काकांनी सगळी खोकी दिवाणावर मांडून ठेवली होती. मी आधी लेबलं वाचायला घेतली. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट येतात, आपल्याकडे २३०. कॅमेरे आणि स्पीकर यांच्या ॲडॉप्टरवर '१०० ते २४० व्होल्ट' छापलेलं होतं, त्यामुळे त्यांची काळजी नव्हती. स्मार्ट प्लग, डिमर आणि बल्ब मात्र फक्त १२० चे. ते आपल्या लाइनवर लावले तर जळणार, आणि नुसते जळून थांबतील याची खात्री कोण देणार? बल्ब जास्त धोक्याचा, कारण आपल्या आट्याच्या होल्डरमध्ये तो व्यवस्थित बसतो.

दारा-खिडक्यांचे सेन्सर बॅटरीवरचे होते, म्हणून मला आशा होती. पण ते निघाले झेड-वेव्हचे, म्हणजे त्या नावाच्या बिनतारी पद्धतीने एकमेकांशी बोलणारे. अमेरिकेत ते ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, भारतात त्याला ८६५ चा पट्टा आहे. तिकडचा माल इथे वापरणं नियमात बसत नाही आणि इथे घेतलेलं उपकरण त्याला जोडलंही जात नाही. झिगबी ही दुसरी बिनतारी पद्धत असती तर २.४ गिगाहर्ट्झवर दोन्हीकडे सारखीच चालली असती.

मग पॅसेजमधला बोर्ड उघडला. जुन्या वायरिंगमध्ये असतं तसंच होतं: बोर्डात फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार; न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, परस्पर छतावरच्या पॉईंटला. स्मार्ट स्विचला दिवा बंद असतानाही स्वतःपुरती वीज लागते, त्यासाठी बोर्डात न्यूट्रल हवा. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच मिळतात, पण ते दिव्यातूनच थोडा करंट जाऊ देतात आणि लहान एलईडी रात्रभर मिणमिणत राहतो. सगळ्या घरात नवीन वायर ओढायची तर भिंती फोडाव्या लागल्या असत्या.

हे मी मुलाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "ठीक आहे दादा, बाकीचं राहू दे. कॅमेरे तेवढे लावा. एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "बेडरूममध्ये नाही हं. हॉलमध्येही नको. मला माझ्या घरात पदर सावरून बसायचं नाहीये."

"आई, मागच्या महिन्यात तू रात्री बाथरूमला जाताना पडलीस, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं."

खरं काम काय आहे ते मला तेव्हा कळलं. मी काकूंना विचारलं, कुठे पडलात? पॅसेजमध्ये, अंधारात बटण चाचपताना. सकाळी पहिलं दार कधी उघडता? साडेसहाला, दुधाची पिशवी घ्यायला. रोज? "रोज म्हणजे रोज," काका म्हणाले.

मग त्यावरच सगळं बेतलं. पॅसेजच्या छतावर हालचाल ओळखणारा सेन्सर आणि सौम्य दिवा लावला. छताच्या पॉईंटला फेज-न्यूट्रल दोन्ही असतात, त्यामुळे भिंतीला हात लावावा लागला नाही. त्याची फेज बोर्डात थेट जोडली, म्हणजे चुकून कुणी बटण बंद केलं तरी सेन्सर मरत नाही. याला इंटरनेट लागत नाही, आणि माझ्या मते जीव सांभाळणारी वस्तू अशीच असायला हवी. मुख्य दाराला झिगबीचा सेन्सर इथेच विकत घेऊन लावला. दार उघडलं की मुलाच्या फोनवर नोंद, सातपर्यंत उघडलं नाही तर सूचना. त्याच्याकडे तेव्हा आदल्या रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात, तो जागाच असतो. पलंगाशेजारी काकूंच्या हाताला येईल असं एक बटण बसवलं. दाबलं की मुलाला आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना कळतं. राउटर आणि सेन्सरना इंटरनेटशी जोडणारा हब इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले, नाहीतर वीज गेली की सगळंच मुकं. कॅमेरा एकच लावला, दाराबाहेर, काकूंच्या संमतीने.

मुलाला हे पटायला वेळ लागला. "पण मला ती दिसणार नाही," असं तो दोनदा म्हणाला. काकू म्हणाल्या, "दिसायचं असेल तर फोन कर. मी उचलते ना."

आता परदेशातून कुणाचा फोन आला की मी प्रत्येक उपकरणाच्या लेबलचा फोटो मागवतो. बोर्ड मात्र स्वतः जाऊन उघडतो, घरच्यांना उघडू देत नाही. आणि कुठली वस्तू घ्यायची याची यादी त्या घरात राहणाऱ्यांशी बोलल्याशिवाय देत नाही, पैसे कुणीही भरत असो.